तेरा आठवडे पुढची तारीख

माझ्या वहिनीचा दिवस पावणेपाचला सुरू व्हायचा. गजर नव्हता. उठली की आधी दोन्ही मनगटं गरम पाण्यात बुडवून बसायची, पाच मिनिटं. मग तीन डबे भरायची: तिचा, दादाचा आणि मुलीचा. सहाला पाच कमी असताना ती कारखान्यात आपल्या टेबलाशी उभी असायची आणि सहाचा भोंगा झाला की तिच्या हातात पहिला स्क्रू असायचा. सहाला फाटकात येणं निराळं आणि सहाला काम सुरू करणं निराळं. हा फरक कळणारी माणसं मी चाळीस वर्षांत फार थोडी पाहिली.

आमचा कारखाना इलेक्ट्रिक गिटार आणि बास गिटार बनवायचा. आमच्यापैकी कुणालाही वाजवता येत नव्हतं, आणि त्यावाचून काही अडत नव्हतं. गिटारच्या भागांना आम्ही माणसासारखीच नावं दिली होती. जाड लाकडाचं अंग ते धड. लांब दांडा ती मान. मानेच्या टोकाला, जिथे तारा गुंडाळतात आणि कंपनीचं नाव असतं, ते डोकं. धडं एका शेडमध्ये व्हायची, माना दुसऱ्या. दोघांची गाठ वहिनीच्या टेबलावर पडायची.

धडाला वरच्या अंगाला एक चौकोनी खाच असते. तिच्यात मानेचं बूड बसवायचं आणि मागून चार स्क्रू आवळायचे. ऐकायला सोपं. पण हातोडी चालत नाही. तळहाताने दाबून बसवायचं, आणि स्क्रू लावायच्या आधी मान धरून सगळं उचलायचं. धड नुसत्या पकडीवर खाली लोंबकळत राहिलं पाहिजे. वहिनी दहापर्यंत आकडे मोजायची, मग टेबलावर ठेवायची. स्क्रूला साबण लावायची म्हणजे लाकूड फाटत नाही. अशा अकरा बास रोज. तिच्याहून भरभर करणारे होते. त्यांच्या परतही यायच्या.

त्याआधी आठ वर्षं ती डोक्यावर नाव लावायच्या टेबलावर होती. पातळ चित्र पाण्यात भिजवून, बोटाने सरकवून बसवायचं. पहिलं नाव जुन्या मालकाच्या आडनावाचं होतं. तो गेल्यावर एका व्यापारी कंपनीने कारखाना घेतला आणि दुसरं नाव आलं. पुढे त्यांनी कुठल्या तरी बंद पडलेल्या जुन्या कंपनीचं नाव विकत घेतलं. तिसऱ्या नावाबरोबर एक रंगीत पुस्तिकाही आली. तिच्यात आमची साठ वर्षांची परंपरा छापली होती. वहिनीने ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली आणि मला म्हणाली, "भाऊजी, काल आपला कारखाना तीस वर्षांचा होता, आज साठचा झाला. मग माझीही नोकरी दुप्पट झाली असेल. पेन्शन मागू या का?"

आता या नावांचा इतिहास लिहिणारी माणसं आहेत. जुनी बास विकत घेतात, चार स्क्रू काढतात, मान उपटतात आणि खाचेत काय लिहिलंय ते भिंगाने बघतात. त्यांतले दोघे माझा पत्ता काढून घरी आले. त्यांच्या पुस्तकात आमच्या कारखान्याबद्दल दोन गोष्टी छापल्या आहेत. एक, अर्धचंद्र आणि त्यात टिंब ही खूण करणारे कारागीर दोन असावेत, कारण एक जूनमध्ये वारला आणि खूण तर सप्टेंबरपर्यंत सापडते. दुसरी, त्या सप्टेंबरात कारखान्यात आग लागली असावी, कारण धडांवरच्या नंबरांतले ओळीने सहा जगात कुठेच मिळत नाहीत.

आग लागली नव्हती. कारागीर एकच होता. तो माझा दादा, वहिनीचा नवरा.

दादा धडात खाच पाडायचा. रंगाच्या आधीचं काम. रंग चढला की धड तेरा आठवडे वाळत टांगायचं, त्यापेक्षा एक दिवस कमी नाही. वाळवणीची खोली लांबलचक होती. छताला आकडे, आकड्यांना शेकडो धडं, सगळी बिनमानेची, बिनडोक्याची. दार उघडलं की वारा आत जायचा आणि ती सगळी एकदम थोडीशी वळायची, कुणी आलं म्हणून बघावं तशी. नवा माणूस आत गेला की महिनाभर तरी धडांकडे पाठ करायचा नाही.

जुन्या मालकाचा एक नियम होता. खाच पाडणाऱ्याने खाचेत शिसपेन्सिलीने आपली खूण करायची आणि तारीख लिहायची. पण त्या दिवसाची नाही. तेरा आठवडे पुढची, ज्या दिवशी मान बसायची त्या दिवसाची. मग खाचेवर कागदी पट्टी चिकटवायची, म्हणजे आत रंग जात नाही. ती पट्टी तेरा आठवड्यांनी सोलायची मान बसवणाऱ्याने. आत आजची तारीख दिसली, तर धड पिकलं. दुसरी दिसली, तर कुणीतरी घाई केली किंवा रांग चुकली. असं धड करवतीखाली जायचं. स्वस्तात विकायचं नाही, कामगारांत वाटायचं नाही. नाव दोनदा बदललं, हा नियम बदलला नाही.

सव्वीस वर्षं हे लिहून दादा तेरा आठवडे पुढेच राहायला गेला होता. त्याला आजची तारीख विचारली तर आधी पुढची सांगायचा, मग हाताने हवा पुसल्यासारखं करून आजची. मुलीच्या शाळेच्या फॉर्मवर त्याने एकदा न आलेली तारीख लिहिली आणि मास्तरांनी तिला परत पाठवलं. वहिनी म्हणायची, "यांच्याशी भांडण्यात अर्थ नाही. मी आज भांडते, यांच्या लेखी ते तीन महिन्यांमागचं होतं. विसरून मोकळे."

तो गेला ११ जूनला, गुरुवारी. दिवसभराचं काम पुरं करून तीनला घरी आला. दाराजवळच्या खुर्चीवर बसून एक बूट काढला. वहिनीने आतून विचारलं, "चहा टाकू?" तो म्हणाला, "टाक." ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा दुसरा बूट पायातच होता आणि तो नव्हता.

डॉक्टर म्हणाले, हृदय. जुनं दुखणं असणार. त्यांना माहीत असणार.

वहिनी म्हणाली, "आम्हाला नव्हतं."

"तुम्हाला नसेल," डॉक्टर म्हणाले.

ते शब्द तिच्यात काटा मोडावा तसे मोडून राहिले. नवरा गेला हे तिने सोसलं. त्याला माहीत होतं का, आणि माहीत असून तो आपल्याशी काही बोलला नाही का, एवढंच तिला हवं होतं. विचारायला तो नव्हता.

बावीस जूनला, सोमवारी, ती कामावर आली. माझी पाळी दुपारची असायची, मी घासकामाच्या शेडमध्ये होतो. त्या दिवशी मी सकाळीच तिच्यासोबत गेलो. शेजारच्या टेबलावर तारा चढवणारी बाई होती. तिला सगळे रेडिओ म्हणायचे, बंद व्हायची नाही म्हणून. वहिनीने पहिलं धड घेतलं, पट्टी सोलली आणि थांबली. खाचेत अर्धचंद्र, त्यात टिंब. खाली दादाच्या अक्षरात: २२ जून.

हे असंच होणार हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. धडं वाळत होती, ती उतरणारच. पण ठाऊक असणं आणि डोळ्यांना दिसणं यांत फरक आहे. अकरा दिवसांपूर्वी गेलेल्या माणसाने आजची तारीख लिहिली होती आणि ती बरोबर होती.

रेडिओने वाकून बघितलं आणि दोन पावलं मागे गेली. "अगं बाई! आजची तारीख?"

"तेवीस मार्चला लिहिलीय," वहिनी म्हणाली. "तेव्हा ते जिवंत होते आणि तू रोज त्यांच्या डब्यातली भाजी पळवत होतीस. हो बाजूला, उजेड अडवू नकोस."

फोरमन आला. भला माणूस. म्हणाला, "वहिनी, तुम्ही काही दिवस पॅकिंगला बसा. ही धडं दुसरं कुणी करेल."

"का? माझी एखादी मान सैल निघाली?"

"तसं नाही हो. रोज ते अक्षर बघायचं म्हणजे..."

"अजून किती दिवस आहे?" तिने विचारलं. तिनेच उत्तर दिलं. "दहा सप्टेंबरपर्यंत. तोवर या टेबलाला दुसऱ्याने हात लावायचा नाही."

त्या दिवसापासून ती रोज दोन दिवस जगू लागली. तेरा आठवडे म्हणजे वारही तोच. आज मंगळवार तर खाचेतलाही मंगळवार. पट्टी सोलायची, अक्षर बघायची आणि त्या दिवशी घरात काय झालं होतं ते आठवायची. कुठला डबा दिला होता, तो काय बोलला होता, किती जेवला होता. आधी हे मनात करायची. मग बोलू लागली. जुलैमध्ये पुतणी शेजारच्या घरातून माझ्याकडे आली, अकरावीतली पोरगी, चेहरा उतरलेला. दारातच म्हणाली, "काका, आई म्हणते उद्या बाबांना खोकला सुरू होणार आहे."

मी हसण्यावारी नेलं. संध्याकाळी वहिनीला विचारलं, "वहिनी, पोरीला घाबरवतेस कशाला?"

"मी कुठे घाबरवलं? तिला आठवत नाही, मला आठवतं. सोळा एप्रिलला खोकला सुरू झाला. उद्या सोळा जुलै."

"सोळा एप्रिलपासून तेरा आठवडे सोळा जुलैलाच होतात?"

"मोजा," ती म्हणाली. मी कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. होत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पाळीवर जाताना तिच्या टेबलाशी थांबलो. तिने एक धड माझ्यापुढे केलं. अर्धचंद्राची रेघ एका जागी तुटलेली होती. खोकल्याने हात उडाल्यासारखी.

मग अक्षर बिघडत गेलं. सातचं शेपूट थरथरू लागलं. टिंब चंद्राच्या बाहेर पडू लागलं. तीन महिन्यांमागे आमच्या शेजारी जेवणारा, हसणारा माणूस खाचेत रोज थोडा थोडा खचत होता आणि आम्ही ते आत्ता बघत होतो. एक सांगतो. अक्षर हललं, खाच हलली नाही. वहिनी प्रत्येक धड उचलून दहा आकडे मोजायची. एकही पडलं नाही.

"आज हात जास्त हलला यांचा," ती घरी येऊन सांगायची, चूल-भांड्याची गोष्ट सांगावी तशी. पुतणी कानांवर उशी धरून अभ्यास करायची.

एकवीस जुलैला, मंगळवारी, पट्टीखाली दुसऱ्याच माणसाची खूण निघाली. फुली. अकराच्या अकरा धडांत. दादा नसला की खाचा पाडायचा त्या बदली कामगाराची.

म्हणजे एकवीस एप्रिलला दादा कामावर नव्हता. वहिनी माझ्या शेडमध्ये स्वतः चालत आली. असं ती कधी करायची नाही. "भाऊजी, एकवीस एप्रिलला हे डबा घेऊन गेले आणि तीनला रिकामा डबा घेऊन आले. मी विचारलं, काम कसं होतं? म्हणाले, नेहमीचंच. कुठे गेले होते?"

मी हजेरीच्या खिडकीवर विचारलं. एक दिवसाची रजा, कारण घरगुती. वहिनीने घरातलं कपाट उपसलं, कोटांचे खिसे, पेट्या, मुलीच्या वह्यांमधली पानंसुद्धा. डॉक्टरचा कागद नाही, गोळीचं पाकीट नाही. दादा कामात जसा होता तसाच लपवण्यातही. कुठे फट ठेवली नव्हती.

"आता सांगतील तर ही धडंच सांगतील," ती म्हणाली.

अकरा ऑगस्टला पुन्हा फुल्या. पुन्हा मंगळवार. बारा मेला तो दुसऱ्यांदा कुठेतरी जाऊन आला होता.

आणि बारा ऑगस्टला पट्टी सोलली तर अक्षर सुधारलेलं. मला हे सर्वांत विचित्र वाटलं. खचत आलेला हात एका दिवसात सरळ झाला होता. आकडे मोठे, सावकाश काढलेले, शाळेतल्या पाटीवर काढावेत तसे. टिंब चंद्राच्या बरोबर मध्ये. आणि धडं अकरा नव्हती. चौदा होती.

खाच पाडायचं यंत्र दोन्ही हातांनी दाबून धरावं लागतं, सबंध दिवस. ते लाकडात उसळतं. धडधाकट माणसाला अकरा म्हणजे पुरा दिवस. बारा झाली तर दुसऱ्या दिवशी खांदे बोलतात. चौदा कुणी केलेली मी आधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. दादाने आजारी असताना पुढचा महिनाभर रोज चौदा केली. त्या काळात मी त्याला घरी रोज बघत होतो. मला काही दिसलं नाही. मी त्याचा सख्खा भाऊ.

चौदांमुळे वहिनीची सुट्टी चारला होऊ लागली. फोरमन म्हणाला, "उरलेली उद्या करा."

"उद्या कशी करू? तारीख आजची आहे."

"तीन धडं मी दुसऱ्या टेबलावर देतो."

"द्याल आणि मग मी तुमचंही नाव फुली म्हणून लक्षात ठेवीन." तो हात वर करून निघून गेला. ती मला म्हणाली, "जिवंत असताना मला वेळेवर घरी पाठवायचे. आता बघा, चार वाजवतात."

नऊ सप्टेंबरला तिने माझ्याकडे निरोप पाठवला, उद्याची पाळी बदलून घ्या. पुतणी निरोप घेऊन आली होती. खाली बघत म्हणाली, "काका, उद्या बाबा जाणार आहेत." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आई म्हणाली नाही. मीच मोजलं."

दहा सप्टेंबर, गुरुवार. सहाच्या भोंग्याला आम्ही वाळवणीच्या खोलीत होतो. दार उघडलं, धडं वळली. दादाची शेवटची चौदा एका रांगेत होती. त्यांच्यामागे सगळी बदली कामगाराची. आम्ही ती उतरवून टेबलाशी आणली. वहिनीने नेहमीसारखीच सुरुवात केली. घाई नाही. पट्टी, तारीख, मान, दहा आकडे, साबण, स्क्रू. पहिल्यात १० सप्टेंबर. दुसऱ्यात १० सप्टेंबर. अक्षर ठाम. मला वाटलं, संपलं हे. इतकं बारीक बघून शेवटी काहीच कळणार नाही.

आठ झाली. साडेअकरा वाजून गेले होते. नवव्याची पट्टी तिने नखाने उचलली, ओढली, आणि हात तिथेच राहिला.

अर्धचंद्र, टिंब. खाली: ११ जून.

तिने दहावं घेतलं. ११ जून. अकरावं, ११ जून. मग बाकीची तिन्ही एकापाठोपाठ सोलली. सहाच्या सहा. आकडे तसेच मोठे, सरळ. पेन्सिल नुकतीच उचलल्यासारखी चकाकत होती.

रेडिओने तोंडावर पदर धरला. फोरमनला कुणीतरी बोलावून आणलं. त्याने धडांकडे बघितलं, मग वहिनीकडे. "चूक झाली असेल. माणूस थकलेला. त्या दिवसाची तारीख टाकली गेली असेल."

"सव्वीस वर्षांत एकदा?"

"होते चूक."

"एका धडावर झाली असती तर चूक म्हटलं असतं. सहा धडांवर, या अक्षरात?" ती बोटाने आकडा दाखवत होती, पण लाकडाला बोट लावत नव्हती. "आठ झाली म्हणजे अकरा-साडेअकरा वाजले असतील. तेव्हा यांना आतून काहीतरी कळलं. त्यानंतर पुढची तारीख लिहिली नाही."

ती माझ्याकडे वळली. "आणि मग तीनला घरी येऊन मला म्हणाले, टाक."

फोरमनने खिशातून खोडरबर काढलं. हळूच टेबलावर ठेवलं. "वहिनी, धडं चांगली आहेत. पिकलेली आहेत, तुम्हालाही माहीत आहे. पुसा आणि दहा सप्टेंबर लिहा. मी बघितलं नाही. नाहीतर नियमाने सहाही कापावी लागतील. दादांच्या हातची शेवटची सहा. त्यांनाच आवडलं असतं का?"

ते बोलणं योग्य होतं. मीही तेच म्हटलं. "वहिनी, त्याच्या हातचं काम आहे. चौदातली सहा. खाच बघ तरी. करवतीखाली घालायची?"

तिने रबर टेबलाच्या कडेला सरकवलं. मला वाटतं तिची मनगटं दुखत असावीत, एक हात दुसऱ्याने धरला होता. मग म्हणाली, "भाऊजी, या पट्ट्या कोण सोलणार हे यांना माहीत होतं. दुसऱ्या कुणाला दिसणार नव्हतं. दोन महिने सांगता आलं नाही, ते या सहांत सांगितलंय. आणि मी रबराने पुसू?"

"पण कापलं तरी जाणारच की."

"कापल्यावर जाईल. खोटं होणार नाही."

तिने धडं स्वतः उचलली. दोन दोन करून, तीन खेपा. आम्हाला हात लावू दिला नाही. करवतीवरचा माणूस बाजूला झाला. ती मशीन तिने कधी चालवली नव्हती, पण कशी चालते हे ठाऊक होतं. पहिलं धड तिने खाचेच्या बरोबर मधून कापलं. सावकाश, जोर न लावता, लाकूड पात्यावर जळू न देता. काप सरळ आला. दुसरं, तिसरं, चौथं, पाचवं. प्रत्येक वेळी अर्धा चंद्र इकडे, अर्धा तिकडे. भुशाचा वास सगळ्या शेडमध्ये पसरला, कच्च्या लाकडाचा, इतकी वर्षं रोज दादाच्या शर्टाला यायचा तो. त्या क्षणी मी मागे वळून बघितलं हे कबूल करतो. मागे फोरमन होता, दुसरं कुणी नव्हतं.

सहावं तिने पात्याजवळ नेलं आणि मशीन बंद केली.

"हे मला विकत द्या," ती फोरमनला म्हणाली.

"कापायचा माल विकता येत नाही. तुम्हीच मला नियम शिकवलाय."

"कापायचा माल नको. चांगला माल द्या. या नंबरच्या बासची पावती माझ्या नावावर फाडा, पुऱ्या किमतीत. दुकानात जाते तशी. मग तिच्या खाचेत काय लिहिलंय ते माझं मी बघीन."

फोरमनने वरती विचारलं. वरच्यांचं म्हणणं, कंपनी सुटे भाग विकत नाही, धड घ्यायचं तर मान, तारा, पेटी, हमीपत्र सगळं घ्यावं लागेल, आणि कामगाराला सूट नाही. बास आमच्या कारखान्यातला सर्वांत महाग माल होता. मी म्हटलं, "वहिनी, वाजवणार कोण?"

"कुणी नाही."

"मग कशाला? पोरीचं कॉलेज आहे पुढे."

"कॉलेजची यांनी सोय करून ठेवलीय. रोज चौदा कशासाठी केली असं वाटलं तुम्हाला? नगावर पैसे होते." ती हे इतक्या साधेपणाने बोलली की मला खाली बघावं लागलं. मी महिनाभर तेच कोडं घेऊन बसलो होतो. "हे माझ्या पगारातून," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती पावणेपाचलाच उठली. सहाला टेबलाशी होती. पट्टीखाली फुली होती, तारीख आजची होती. तिने मान बसवली, उचलली, दहा आकडे मोजले. घरी पुन्हा कधी तिने झालेला दिवस उद्याचा म्हणून सांगितला नाही. पुतणी उशीशिवाय अभ्यास करू लागली.

पैसे तिच्या पगारातून दीड वर्ष कापले गेले. फिटल्यावर एका शनिवारी आम्ही दोघं ती आणायला कार्यालयात गेलो. मान तिने तिथेच ठेवली, म्हणाली, दुसऱ्या धडाला चालेल. तारा आणि पेटीही ठेवली. कारकुनाला काही कळेना. त्याने पावती फाडली, वर कंपनीचं तिसरं नाव, खाली वहिनीचं, आणि ओळीत लिहिलं: बास गिटार, नग एक, पूर्ण. वहिनीने सही केली, धड छातीशी धरलं आणि आम्ही चालत घरी आलो.